सदाशिव पेठ ‘उपनगर’ कशी होईल?

प्रश्न असा आहे: ओपनस्ट्रीटमॅप या, लोकांनीच मिळून भरायच्या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर पुणे भरताना प्रत्येक जागेचा प्रकार निवडावा लागतो. शहरातल्या भागांसाठी तिथे ‘सबर्ब’, ‘क्वार्टर’, ‘नेबरहुड’ असे टॅग आहेत, मोठ्याकडून लहानाकडे जाणारे. त्यांना मराठीत काय म्हणावं? ‘सबर्ब’ला सरळ ‘उपनगर’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. त्या नकाशाच्या व्याख्येप्रमाणे सबर्ब म्हणजे शहराचा ठळक नावाचा, स्वतःची ओळख असलेला मोठा भाग. तो शहराबाहेरच असावा असं काही नाही. म्हणजे सदाशिव पेठसुद्धा त्यात बसते. आता सदाशिव पेठेतल्या एखाद्या काकांना ‘तुम्ही उपनगरात राहता’ असं तोंडावर सांगून बघा, आणि मग सावकाश माझ्याकडे या.

हा प्रकल्प २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झाला, त्यामुळे टॅग इंग्रजीतले. पण सबर्बचा त्यांनी घेतलेला अर्थ ऑस्ट्रेलियातल्या वापराच्या जवळचा आहे. तिथे शहराच्या ऐन मध्यातला भागही ‘सबर्ब’च असतो. मराठी ‘उपनगर’ मात्र ‘उप’ सोडत नाही. मुंबईत तर त्यावर सरकारी शिक्का आहे: १९९० मध्ये मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला, आणि वांद्र्यापासून पुढे उपनगर हे पक्कं झालं. (गंमत म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली, तेव्हा तीच नवी उपनगरं होती. आज दादरकर ते कबूल करायचा नाही.)

खरं उपनगर ओळखायची एक खूण बोलण्यातच आहे. आपण ‘कोथरूडला राहतो’ म्हणतो, ‘हडपसरला’ म्हणतो. पण ‘सदाशिव पेठेला राहतो’ असं कुणी म्हणत नाही, तिथे ‘पेठेत’च. तसंच आळीत, गल्लीत, वाड्यात. जे एके काळी स्वतंत्र गाव होतं, त्याला ‘ला’ सहज चिकटतो, जसा साताऱ्याला, नगरला. जे पहिल्यापासून गावाच्या पोटात होतं, त्याला ‘त’. नियम अगदी घट्ट नाही. गाव असूनही ‘गिरगावात’ म्हणतातच. पण कान बहुतेक वेळा बरोबर सांगतो. ‘ला’वाल्यांना उपनगर म्हणा, हरकत नाही. पेठांना नको.

मग सबर्बला शब्द कोणता? मला साधा ‘भाग’ आवडतो. ‘तुम्ही कुठल्या भागात राहता?’ असंच आपण विचारतो. (‘एरिया’ही विचारतो, तो वेगळा वाद.) ‘पेठ’ हा शब्द प्रकार म्हणून वापरू नये, कारण पेठ म्हणजे मुळात बाजार. कन्नडात पेटे, तमिळमध्ये पेट्टै, आपल्याकडे बाजारपेठ. कोथरूडला ‘पेठ’ प्रकारात टाकलं तर तेही काकांना आवडणार नाही.

‘नेबरहुड’साठी पुण्यापुरता ‘आळी’ हा चांगला शब्द आहे. कसब्यातली तांबट आळी, रविवार पेठेतली बोहरी आळी. पेठ आणि आळी यांत नुसता आकाराचा फरक नाही. जुन्या पुण्यात घराचा क्रमांक पेठेचा असतो. पाकिटावर अमुक इतका क्रमांक, बुधवार पेठ, एवढं पुरतं. आळी पत्त्यात आलीच तर खुणेपुरती, ‘मारुतीसमोर’ म्हणावं तशी. त्यामुळे पेठेची हद्द दप्तरात सापडते, आळीची माणसांच्या तोंडी. मी बोहरी आळीत दोन दुकानदारांना विचारलं होतं, आळी कुठे संपते म्हणून. दोघांनीही आपापल्या दुकानाच्या जरा पुढे बोट दाखवलं, एकाने पूर्वेला आणि दुसऱ्याने पश्चिमेला. अशा वेळी हद्दीची रेघ न ओढता नुसता बिंदू टाकून नाव लिहावं. नकाशावर ते चालतं, आणि ते खोटंही नसतं.

पण ‘आळी’ महाराष्ट्रभर चालायची नाही, आणि ‘वाडी’ तर त्याहून फसवी. कोकणात वाडी म्हणजे गावाचा सुटा तुकडा, मध्ये शेत, वहाळ, चढण. तिथे तिचा टॅग छोट्या खेड्याचा. गिरगावातली खोताची वाडी मात्र भर शहरात, चहूबाजूंनी इमारती. ती नेबरहुडच. ‘पाखाडी’चंही तसंच. कोकणात ती दगडी पायऱ्यांची वाट, माझगावात मातारपाखाडी ही अख्खी वस्ती. आणि ‘वस्ती’ म्हणावं, तर सोलापूरकडे रानातल्या चार घरांची वस्ती असते, अमुक आडनावाची. शहरात तोच शब्द काढला की लोकांच्या डोळ्यांपुढे झोपडपट्टी येते. शब्द पाहून टॅग लावणारा माणूस इथे हमखास आपटतो. जागा पाहूनच लावावा.

‘प्रभाग’ मात्र यात आणूच नये. तो निवडणुकीचा, दर फेररचनेत बदलणारा. त्याची रेघ वेगळ्या थरात जाते.

नाव भरताना आणखी एक सांभाळावं. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. तिथे राहणाऱ्यांनी नवं नाव घेतलं असेल तर मुख्य रकान्यात तेच हवं. जुन्या नावासाठी वेगळा रकाना असतो. गुरुवार पेठेची ‘वेताळ पेठ’ तिथे हौसेने लिहावी. जातीवरचं नाव मात्र ‘इतिहास आहे’ म्हणून वर आणायचा हट्ट मला पटत नाही.

राहिली शहरात घेतलेली गावं. २०१७ मध्ये पुणे महापालिकेत ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. हद्द बदलली की खेड्याचा टॅग काढून सबर्ब लावणारे उत्साही लोक लगेच कामाला लागतात. पण २०१७ च्या त्या अकरांत फुरसुंगी आणि उरुळी देवाची होत्या, आणि पुढे त्यांना महापालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. म्हणजे खेडं, मग सबर्ब, मग छोटं शहर. हडपसरचा माणूस या सगळ्या काळात ‘जरा फुरसुंगीला जाऊन येतो’ असंच म्हणत होता.