नातवाच्या भाषणातली दोन वाक्यं

प्रश्न : माझा नातू चौथीत आहे. स्वातंत्र्यदिनाच्या भाषणासाठी त्याला कुणीतरी कागद लिहून दिलाय. त्यात आहे, '15 ऑगस्ट 1947 ला नेहरूंनी लाल किल्ल्यावर तिरंगा फडकवला आणि त्याच दिवशी आपला सांगली जिल्हा स्वतंत्र झाला.' हे बरोबर आहे का? आणि 15 तारीखच का ठरली?
— एक आजी, विटा

उत्तर : ताई, आधी आपल्या भागाचं सांगतो. 1947 साली सांगली जिल्हा नव्हताच. विटा, तासगाव, इस्लामपूर हा सातारा जिल्ह्यातला इंग्रजी मुलूख. सांगली शहर पटवर्धनांचं संस्थान, मिरज आणि बुधगावला त्यांचीच आणखी दोन, जतला डफळ्यांचं, आणि आटपाडी, कुंडल औंधच्या पंतप्रतिनिधींकडे. विट्याहून आटपाडीला निघालेला माणूस वाटेत एक राज्य सोडून दुसऱ्यात शिरायचा! ही संस्थानं 8 मार्च 1948 ला मुंबई प्रांतात विलीन झाली. मग 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला. सांगली हे नाव त्याला मिळालं 1960 मध्ये.

लाल किल्ल्याचं म्हणाल, तर तिथं नेहरूंनी झेंडा लावला तो 16 ऑगस्टला. 15 तारखेचा मोठा सोहळा इंडिया गेटजवळच्या प्रिन्सेस पार्कात झाला. गांधीजी तर दिल्लीत नव्हतेच. कलकत्त्यात बेलियाघाटच्या हैदरी मंझिलमध्ये त्यांनी तो दिवस उपवासात काढला.

आता तारीख. ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी फेब्रुवारी 1947 मध्ये जून 1948 पर्यंतची मुदत जाहीर केली होती. माउंटबॅटननी ती अलीकडे ओढली आणि 4 जूनच्या पत्रकार परिषदेत 15 ऑगस्ट सांगून टाकलं. जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं होत होती म्हणून ती तारीख सुचली, असं त्यांनीच पुढे सांगितलं.

हे मला नीट उमगलं ते 1986 मध्ये. तासगाव तालुक्यात मी नवा शिक्षक होतो आणि लाल किल्ल्याचं हेच वाक्य मीही फळ्यावर लिहिलं होतं. ध्वजवंदनाला आलेले एक आजोबा, बेचाळीसला तुरुंगात गेलेले, माझ्याशेजारी येऊन म्हणाले, "गुर्जी, आमचा झेंड्याचा दिवस सव्वीस जानेवारी. पंधरा ऑगस्ट सायबानं ठरवला, त्यो आमी ठरवल्याला." लहानपणी प्रभातफेरीत म्हटलेली शपथ त्यांना अजून आठवत होती.

त्यांचं खरं होतं. डिसेंबर 1929 मध्ये लाहोरला काँग्रेसनं पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि 26 जानेवारी 1930 ला देशभर स्वातंत्र्यदिन पाळला गेला. पुढे दरवर्षी, लाठ्या खाऊनसुद्धा, लोकांनी तो पाळला. म्हणून तर नोव्हेंबर 1949 मध्ये स्वीकारलेली राज्यघटना अमलात यायला 26 जानेवारी 1950 पर्यंत थांबली. प्रजासत्ताक दिन त्यामागून आला. आपल्या माणसांच्या तोंडी तो सतरा वर्षं स्वातंत्र्यदिनच होता, आणि हे मुलांना कुणी सांगत नाही याची मला फार खंत वाटते.

तेव्हा ती दोन वाक्यं खोडा. त्यांच्या जागी, विटा तेव्हा कुणाच्या राज्यात होतं आणि आटपाडी कुणाच्या, हे नातवाला लिहू द्या. गावात नव्वदीपुढचं कुणी असेल तर आधी त्यांच्याकडे घेऊन जा.