पराटीचा कांडी-कोळसा : आधी कुट्टी, मग कारखाना

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले सहा कापूस उत्पादक. कापूस वेचून उरलेल्या झाडांच्या काड्या, म्हणजे पराटी, दरवर्षी बांधावर जाळतो. तिचा कांडी-कोळसा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, करायचा कारखाना टाकावा म्हणतो. मशीनवाला सांगतो, तासाला टनाचं घ्या. अनुदान किती मिळेल?

उत्तर : अनुदानाचं नंतर बघू. मशीनवाल्याने न केलेला हिशेब आधी करा. तासाला १ टन, रोज ८ तास, वर्षातून २०० दिवस म्हटलं तरी १,६०० टन माल झाला. पराटी हेक्टरी २ टन धरली तर ८०० हेक्टर, म्हणजे जवळपास २,००० एकरांवरची पराटी तुमच्या आवारात यायला हवी. तीही वेचणी संपल्यापासून नांगरटीपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत. अख्खी पराटी भरलेली ट्रॉली दिसायला डोंगर, वजनाला काहीच नाही, भाडं मात्र पूर्ण. या धंद्यात पैसा बुडतो तो वाहतुकीत.

म्हणून पहिल्या हंगामात ट्रॅक्टरवरचा श्रेडर (काड्यांचे बारीक तुकडे करणारं यंत्र) घ्या, शेतातच कुट्टी करा आणि पोहोचण्याजोग्या अंतरावरच्या चालू कारखान्याला विका. श्रेडरच्या अनुदानासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के, इतरांना ४० टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत. पूर्वसंमती हातात येण्याआधी यंत्र घेऊ नका. दरवर्षी कुणीतरी घेतंच आणि मग कार्यालयात येऊन भांडतं.

मालाची प्रत शेतातच ठरते. उपटायच्या चिमट्याने पराटी काढली की मुळाशी मातीचं ढेकूळ येतं. ते तिथेच आपटून झाडा. माती कांडी दाबणाऱ्या प्रेसमध्ये गेली की डाय (आतला साचा) झिजते, कांडीत राख वाढते आणि खरेदीदार दर पाडतो. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास हवा. वाळलेली काडी कट्‌कन मोडते, ओली वाकते आणि साल लोंबते. कांडीला डिंक-बिंक काही लागत नाही. दाबाच्या उष्णतेने काडीतलंच लिग्निन मऊ होऊन भुसा धरून ठेवतं. पण ओलावा जास्त असेल तर आत वाफ होऊन कांडी तडकते.

कृषी खात्याचा माणूस म्हणून एक अट घालतो. अख्ख्या पराटीची गंजी पावसाळ्यापर्यंत ठेवायची नाही. तिच्यावरच्या किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसते आणि पुढच्या कपाशीवर उतरते. साठवायची तर कुट्टी साठवा. फरदडीचा (वेचणीनंतरही कपाशी राखून पुन्हा कापूस घेण्याचा) मोहही सोडा, तसाही त्यात राम नाही. हलक्या, मुरमाड रानातली पराटी मात्र विकू नका. तिथे कुट्टी जमिनीतच गाडा. त्या मातीला सेंद्रिय कर्बाची गरज बॉयलरपेक्षा जास्त आहे.

गिऱ्हाईक कोण? केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२१ च्या धोरणाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात साधारण ५ टक्के जैवइंधन मिसळायला सांगितलं, ही बातमी तुम्ही वाचलीच असेल. पण त्यांना कांडी नाही, पेलेट (दाबून केलेल्या बारीक गोळ्या) लागतात. त्याचं यंत्र वेगळं. निविदा, प्रयोगशाळेची तपासणी आणि बिल निघेपर्यंत तग धरणारं खेळतं भांडवलही लागतं. नव्या गटाने तेलगिरण्या, रंगाई-धुलाईचे कारखाने अशा छोट्या बॉयलरवाल्यांकडे जावं. मशीनची ऑर्डर देण्याआधी दोघा-तिघांकडून दर आणि प्रमाण लिहून घ्या.

एवढं जमलं की कर्ज. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला २५ टक्के आणि महिला, मागासवर्गीय अशा विशेष प्रवर्गाला ३५ टक्के अनुदान आहे. शेतीपंपाच्या जोडणीवर प्रेस चालवणं बेकायदेशीर आहे. औद्योगिक थ्री-फेज जोडणीचा खर्च प्रकल्प अहवालातच धरा.

प्रश्न : आमचा महिला बचत गट आहे. सोलर ड्रायरवर कांदा-टोमॅटो वाळवून विकावा का?

उत्तर : ताई, वाळवाच. ‘एसफोरएस टेक्नॉलॉजीज’ या कंपनीने खेड्यातल्या बायकांना सोलर ड्रायर देऊन, त्यांनी वाळवलेला माल अन्न-उद्योगांना पुरवून दाखवला. पर्यावरणासाठीचा २०२३ चा आंतरराष्ट्रीय अर्थशॉट पुरस्कार त्यांना मिळाला. पण त्यात विकत घेणारा आधी ठरलेला असतो, ही गोष्ट बघा. ताज्या कांद्यात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं, तेव्हा दहा किलोतून किलो-सव्वा किलोच हाती येईल. दर त्यावर काढा. पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाला जोडून मिळतात. अन्न परवाना लागेलच. आणि ड्रायर घेण्याआधी एक पाटी कांदा वाळवून गिऱ्हाइकाला नमुना दाखवा. काप लालसर पडले तर ते परत करतात.