चेनसॉची साखळी बदलावी की धार लावावी?

प्रश्न : वादळात पडलेला आंबा तोडताना आमचा जुना चेनसॉ एका बाजूला ओढतो आणि पिठासारखा भुसा टाकतो. नवी साखळी घ्यावी का?

उत्तर : एवढ्यात घेऊ नये. पिठासारखा भुसा पडतो, याचा अर्थ दात बोथट झाले आहेत, आणि काप वाकडा जातो तेव्हा बहुधा एकीकडचे दात आखूड झालेले असतात. इंजिनाच्या स्पार्क प्लगची वायर काढून, हातमोजे घालून, साखळी ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचे माप) असल्यास ४.८ मिलिमीटरची गोल कानस दाताच्या आतून बाहेर, साधारण ३० अंशांत, फक्त पुढे ढकलावी आणि सगळे दात सर्वांत आखूड दाताएवढे करावेत. साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या खाचेतला तेलकट भुसा खरवडून ती उलटी बसवावी. मात्र एखाद्या दाताला तडा दिसल्यास साखळी बदलावीच, कारण चालू यंत्रात तुटलेली साखळी अंगावर येऊ शकते.