डेटा सेंटरच्या शाश्वततेवर कॉलेज आणि कंपनी मिळून संशोधन करतात, त्यात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने जावं का?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात, कॉलेजचा एका डेटा सेंटर कंपनीशी करार झालाय, आणि असले प्रकल्प कामाचे असतात की फोटोपुरते हे विचारताय. मी अकरा वर्षं नवी मुंबईत महापेकडे सर्व्हर हॉलचं कूलिंग सांभाळतो. प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

आमच्याकडे असाच करार झाला होता. एका कॉलेजच्या मॅडम आणि त्यांचे दोन विद्यार्थी आले. त्यांच्या हातात काय दिलं, तर महिन्याच्या सरासरीची एक एक्सेल शीट. बीएमएसमध्ये, म्हणजे इमारतीतल्या यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या संगणक प्रणालीत, मिनिटामिनिटाचा डेटा पडून होता, पण तो गोपनीय! महिन्याच्या सरासरीवरून कूलिंगचं काय कळणार? मॅडमनी वाद घातला नाही. स्वतःचे सेन्सर आणले आणि एका रांगेतल्या रॅकना, म्हणजे सर्व्हरच्या उभ्या कपाटांना, खाली, मध्ये, वर असे लावले. रात्रपाळीला मी त्यांच्याबरोबर उभा असायचो.

पीएसीमधून, म्हणजे हॉल गार ठेवणाऱ्या एसी यंत्रातून, हवा 20 अंशांवर सुटत होती. खालच्या सर्व्हरला 20 ची मिळत होती, सगळ्यात वरच्याला 27 ची. रॅकमधल्या रिकाम्या जागा झाकणारी ब्लँकिंग पॅनल नव्हती, त्या फटींतून मागची गरम हवा पुढे येत होती. फरशीतली केबलची भोकंही उघडीच. म्हणजे चार फटी बुजवायच्या सोडून आम्ही अख्खा हॉल गारठवत होतो, आणि यात माझाही दोष होता, रोज तिथूनच जायचो मी. आठवड्यात पॅनल बसवली, भोकं बंद केली. वरच्या सर्व्हरला 22 ची हवा मिळायला लागली.

मॅडम म्हणाल्या, आता सेटपॉइंट, म्हणजे पीएसीतून सुटणाऱ्या हवेचं ठरवलेलं तापमान, 24 करून बघू. हिशेब सरळ होता: वरच्या सर्व्हरला तरी 26 च मिळणार. सर्व्हरच्या तोंडाशी 18 ते 27 अंश ही ॲश्रे या कूलिंग अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची शिफारस 2008 पासूनची आहे. आमच्या ऑपरेशन्सच्या साहेबांनी साफ नकार दिला. "ही प्रयोगशाळा नाही, ग्राहकांची यंत्रं आहेत." मी म्हटलं, साहेब, रविवारी रात्री, एकेक अंशाने चढवू, मी स्वतः थांबतो. नाही म्हणजे नाही. पोरांचा अहवाल पॅनलपाशीच संपला, मॅडमना पेपर छापायची परवानगी मिळाली नाही, आणि पुढच्या वर्षी कंपनीच्या माहितीपत्रकात 'विद्यापीठासोबत शाश्वतता संशोधन' असं मोठ्या अक्षरात छापून आलं. ते पान बघून मला जे वाटलं ते अजून गेलेलं नाही.

यातून वाट निघत नाही असं नाही. सिंगापूरमध्ये एनयूएस आणि एनटीयू या विद्यापीठांनी 2021 मध्ये उष्ण-दमट हवेतल्या डेटा सेंटरसाठी चाचणी केंद्र जाहीर केलं, 2 कोटी 30 लाख सिंगापूर डॉलरचा कार्यक्रम, फेसबुकही त्यात पैसे घालून. चाचणीसाठीच बांधलेल्या जागेत तापमान चढवून बघायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. त्याच देशाच्या आयएमडीए या सरकारी संस्थेने 2023 मध्ये मानक काढलं: हळूहळू 26 अंश आणि त्यावर जा, दर अंशामागे कूलिंगची 2 ते 5 टक्के वीज वाचते. मुंबईची पावसाळ्यातली हवा त्याच जातीची आहे. मग तिथे चालतं ते इथे तपासायलाही का नको?

साहेबांची एक बाजू खरी आहे, तीही सांगतो. ग्राहकाच्या करारात तापमान लिहिलेलं असतं आणि चुकलं तर दंड बसतो. शिवाय एका मर्यादेपुढे तापमान चढवलं की सर्व्हरचे पंखे जोरात फिरतात आणि वाचलेली वीज तेच खातात. गंमत नाही, धोका आहे हा: पंख्यांची वीज आयटीच्या खात्यात जाते, त्यामुळे एकूण बिल वाढलं तरी पीयूई, म्हणजे एकूण वीज भागिले आयटीची वीज हा आकडा, सुधारलेला दिसतो. हे मला मॅडमनीच रात्री दोन वाजता वहीवर मांडून दाखवलं होतं. पाण्याचंही तसंच. कूलिंग टॉवर वीज वाचवतो, पाणी पितो, आणि पीयूईत पाण्याचा थेंबही दिसत नाही.

तेव्हा जायचं तर जा, पण सही करण्याआधी गाइडना दोन गोष्टी लेखी मागायला सांगा: बीएमएसचा कच्चा डेटा, आणि निदान एक रांग जिथे सेटपॉइंट बदलायची मुभा असेल. निष्कर्ष छापायचा हक्कही त्याच कागदावर घ्या. यातलं काहीच मिळत नसेल तर कॉलेजच्याच सर्व्हर रूममध्ये सेन्सर लावा, जास्त शिकाल.

आमचा तो हॉल आजही 20 वर चालतो. 24 च्या कागदावर मी आजही सही करायला तयार आहे.