आखूड केसांच्या कुत्र्याला रोज ब्रश करावा लागतो का?

रोज नको, आठवड्यातून 2-3 वेळा पुरे. पण रबरी ब्रश घ्या. तारेच्या ब्रशने कातडी ओरबाडते. आमच्या इंडी म्हणजे देशी कुत्र्याला गॅलरीत बसवून ब्रश फिरवला की सुईसारखे बारीक केस रबराच्या दातांत गोळा होतात. अंघोळ महिना-दीड महिन्यातून एकदा, कुत्र्यांच्याच शाम्पूने.

पुण्याच्या पावसाळ्यात खरी काळजी घ्यायची ती गोचिडांची. वेताळ टेकडीवरून आलात की कानांमागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवा. मसुराएवढा गुळगुळीत दाणा लागला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल अजिबात लावू नका. पंजे कोरडे पुसा. आणि उन्हाळ्यात केस भादरू नका हो, ऊन थेट कातडीला लागतं.