उत्तर: आईच्या पाठीची जखम आणि वाढत चाललेलं बिल

दादा, तुमची पोस्ट वाचून हात थरथरले. वृद्धाश्रमाचे ठरलेले 25 हजार आठ महिन्यांत 34 वर गेले, आईच्या पाठीला जखम झाली आणि मॅनेजर म्हणतात 'वयामुळे होतं'. हेच वाक्य मी 2019 मध्ये माझ्या बाबांसाठी ऐकलंय, तेही पुण्यातच, खासगी वृद्धाश्रमात.

नुसत्या वयामुळे होत नाही हो. पडून असलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलली नाही, ओला डायपर तसाच ठेवला की बहुतेक वेळा बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होतो. बाबांच्या माकडहाडावर टाल्कम पावडरचा थर दिला होता, मी ओल्या कापडाने पुसला तेव्हा खाली रुपयाएवढी काळी जखम. त्यांचं कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये पडलेलं, बॅटरीचं पाकीट फोडलेलंच नव्हतं, आणि मला फोनवर सांगायचे 'आजोबा हल्ली बोलत नाहीत'. ऐकूच येत नव्हतं तर बोलणार काय! रात्री सगळ्या मजल्याला एक मावशी, तिचा बिचारीचा दोष नाही, पण आमच्या बिलात मात्र 'स्पेशल अटेंडंट' दर महिन्याला.

पण मला सगळ्यात महाग पडली ती पावती. दीड लाख डिपॉझिट, 'नेताना परत मिळतं' असं तोंडी सांगितलं आणि पावती दिली देणगीची, संस्था ट्रस्ट होती. मी वर 80जीची, म्हणजे देणगीवर आयकरात मिळणारी, सूटही घेतली रिटर्नमध्ये. बाबांना घरी आणल्यावर पैसे मागितले तर म्हणाले देणगी परत होत नसते मॅडम. माझ्याच रिटर्नमध्ये ती देणगी म्हणून दाखवलेली, भांडणार कशाच्या जोरावर. त्यामुळे तुमची पावती आजच काढून बघा त्यावर नक्की काय लिहिलंय.

मग एका सरकारी कार्यालयात चार हेलपाटे घातले. तिथे म्हणाले ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात आमच्याकडे मुलं सांभाळत नसतील तर पोटगीचा अर्ज येतो, आश्रमाविरुद्ध नाही. वर टेबलामागचे साहेब म्हणे 'तुम्हीच का नाही सांभाळलंत?' मी नोकरी, आजारी सासूबाई आणि लिफ्ट नसलेला तिसरा मजला सांभाळत होते, पण त्या क्षणी तोंडातून शब्द फुटला नाही. हा प्रश्न तुम्हालाही विचारतील, मनाला लावून घेऊ नका.

माझं मत, वकील नाहीये मी, तेव्हा विचारून घ्या कोणाला तरी. पैसे घेऊन सेवा दिलीये ना, मग ग्राहक आयोगाचा रस्ता धरा. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तक्रारीची मुदत 2 वर्षं. आधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 आहे. पण त्याआधी न कळवता जा, जेवणाच्या वेळेला, रविवारी चार ते सहा अशा ठरलेल्या भेटीच्या वेळेत नाही. आईला कुशीवर वळवून कंबर आणि टाचा बघा, फोटो काढा, बाहेरच्या डॉक्टरकडून जखमेचं लेखी घ्या. डायपरच्या पाकिटांवर पेनने तारीख टाकून ठेवा, महिनाअखेरीस बिलाशी ताडून बघा, मला तीच युक्ती फार उशिरा सुचली.

आणि डॉक्टरांना दाखवायला रविवारची वाट बघू नका, उद्याच जा. जखमेला वास येत असेल किंवा आईला ताप असेल तर आज रात्रीच.