फॉर्म भरला तर सगळ्यांना कळेल का?

कॉलेजं सुरू झाली की ठाण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी मुलं हुशार असतात. फीसाठी घरात दागिने गहाण पडलेले असतात आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र कोराच असतो.

एक मुलगी आठवते (ओळख बदलली आहे). इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, ओबीसी, प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून. तक्रार झोप लागत नसल्याची. चौथ्या भेटीत कळलं, बाबांनी फीसाठी पतपेढीचं कर्ज काढलंय.

"अगं, तुझी फी माफ होऊ शकते."

"बाबा म्हणतात, आपण कुणापुढे हात पसरत नाही."

मुलांची लाज क्वचितच त्यांची स्वतःची असते, असं मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. घरातल्या कुणाची तरी ती सांभाळत असतात. म्हणून बाबांना बोलावलं.

वागळे इस्टेटमध्ये लेथवर उभं आयुष्य गेलेलं. प्लास्टिकची फाईल मांडीवर घट्ट धरून बसले. मी शिष्यवृत्तीचं नावच काढलं नाही.

"हिचा जन्म कुठला?"

"कामगार हॉस्पिटलमधला. ईएसआयचं, कामगार विम्याचं कार्ड होतं ना."

"तेव्हा हात पसरल्यासारखं वाटलं?"

"छे! ते तर हक्काचं."

बोलले आणि थांबले. बोटं फाईलच्या बटणाशी चाळा करत राहिली. मीही गप्प राहिले. अशा वेळी न बोलणं हेच आमचं काम, आणि ते मला आता जमतं.

मुलगीच म्हणाली, "बाबा, मला लाज नव्हती वाटत. तुम्हाला कमीपणा वाटेल म्हणून बोलले नाही."

"आणि मला वाटलं, कॉलेजात तुला नावं ठेवतील."

दोघंही एकमेकांना जपत होती आणि व्याज चढत होतं.

पालकांनो, आता मुद्द्याचं. 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. खुल्या वर्गातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज योजना आहे, तिच्यात शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. अर्ज मुलाच्या लॉगिनमधून कॉलेजच्या तपासणीला जातो, वर्गात त्याची यादी वाचत नाहीत. बँक खातं आधारशी जोडलंय का ते आधीच बघा, पैसे तिथेच अडकतात. आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं, ते विसरू नका.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मुलांना एकटं पाठवू नका. त्या बाबांनी एक दिवस रजा टाकली, मुलीसोबत सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहिले आणि दाखला हातात आल्यावर त्यावरचा उत्पन्नाचा आकडा तिला स्वतः वाचून दाखवला.